मागच्याच ठेवा: एका बग्गीचं गाऱ्हाणं

मी एक बग्गी बोलतेय. घोड्याची नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण मी जन्मल्यापासून जो तो तेच विचारतो. समोरच्या काकू तर पहिल्याच दिवशी फाटकातून डोकावून म्हणाल्या, "बग्गी म्हणताय, मग घोडा कुठाय?" मला घोडा नाही, इंजिन आहे, आणि ते मागे आहे. पुढे दोन चाकं, दोन दिवे आणि बाकी सगळा पाइपांचा सांगाडा. दार नाही, काच नाही, छप्पर म्हणाल तर डोक्यावरून गेलेले दोन वाकवलेले पाइप. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे, खड्ड्यांतून आणि दगडांवरून पळायला मला बनवलंय. आणि अशी मी, आयुष्याचा निम्मा काळ विटांवर चढून, चाकं काढलेल्या अवस्थेत काढलाय. आता चिडू नको तर काय करू?

मला बनवणारे दोघे. एक जावई आणि एक सासरे. त्यांची खरी नावं काहीही असोत, माझ्यासमोर ते एकमेकांना याच नात्यानं वागवतात, आणि माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

जावई लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे बनवतो. घरामागे पत्र्याची लांबोडकी शेड आहे, तेच त्याचं वर्कशॉप. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. माझ्या सांगाड्याचा एक टाका आजवर उसवलेला नाही, हे मला कबूल करावंच लागेल. पण या माणसानं आयुष्यभर जे काही बनवलं ते एका जागी उभं राहण्यासाठी. फाटकं हलतात, पण बिजागरीपुरती. पळणारी, उड्या मारणारी आणि वळणारी अशी मी त्याची पहिलीच.

सासरे निवृत्त बसड्रायव्हर. गाडीचं दुखणं त्यांना कानानं कळतं, आणि कानाला नाही कळलं तर सीटवर बसल्यावर कळतं. बायको गेल्यावर थोडे दिवस म्हणून ते लेकीकडे राहायला आले. मुलगा दूरच्या शहरात, उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे कायमचं जायचं असं ठरलेलं होतं, फक्त कधी ते ठरत नव्हतं. दिवसभर करायचं काय, म्हणून शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायचे. जावई फाटकाला रंग मारायचा, सासरे बघायचे.

"चहा झाला का, बाबा?"

"झाला. तुमचा?"

"झाला."

मग पुन्हा ग्राइंडरचा आवाज. दोघांच्यात याहून जास्त बोलणं माझ्या जन्माआधी कधी झालं नसणार, अशी माझी खात्री आहे.

एके दिवशी भंगारवाल्यानं एक चेपलेली लहान गाडी आणून शेडच्या दारात टाकली. फाटकासाठी पत्रा निघेल, अशा हिशेबानं. गाडीचा मागचा भाग पार चपटा झालेला, पण इंजिन ठणठणीत. जावयानं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि उगाचच ऐकत उभा राहिला. सासरे स्टुलावरून उठून जवळ आले. त्यांनीही ऐकलं.

"चांगलं आहे हो," सासरे म्हणाले. "हे मागे टाकलं आणि भोवती पाइप गुंडाळले, तर काय पळेल."

जावई त्यांच्याकडे बघतच राहिला. कॉलेजात असल्यापासून त्याच्या मनात अशी बग्गी बनवायचं होतं आणि हे त्यानं बायकोशिवाय कोणाला सांगितलेलं नव्हतं. माझी सुरुवात अशी झाली. त्या दिवसापासून स्टुलावर डबे, नट आणि पाने ठेवले जाऊ लागले. सासऱ्यांना बसायला वेळच राहिला नाही.

घरातलं तिसरं माणूस, लेक. म्हणजे सासऱ्यांची मुलगी आणि जावयाची बायको. ती जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या हातांना औषधाचा वास असतो. वडील खरेदीच्या निमित्तानं भंगारवाल्याशी वाद घालताहेत, हातांना ग्रीस लावून जेवायला येताहेत, हे बघून ती फार खूश होती. एकदा माझ्या सांगाड्याला टेकून ती म्हणाली, "बाबा, आता इथेच राहा ना कायमचे."

सासरे पाइप घासत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण आवाज चढवला. "बग्गी होऊ दे. खाणीचा चढ चढली की मी निघालो. लेकीच्या घरी माणसानं किती दिवस पाय पसरायचे?"

आवाज चढवला तो जावयाला ऐकू जावा म्हणून. जावयानं म्हणावं, "छे, छे, बाबा, कुठे जाताय?" एवढंच त्यांना हवं होतं. जावयानं ऐकलं. त्याला वाटलं, बाबांना मुलाकडे जायची घाई झालीय आणि आपल्यामुळे ते अडकलेत. तो दुसऱ्या दिवसापासून दुप्पट वेगानं कामाला लागला. मला तेव्हा चाकं नव्हती, नाहीतर दोघांच्या पायांवरून गेले असते.

तर ही खाण म्हणजे वस्तीच्या टोकाला असलेली, दगड काढणं बंद झालेली जुनी खाण. तिच्या एका बाजूनं मुरमाचा एक चढ थेट वरच्या माळावर जातो. तो चढ चढणं हीच माझी परीक्षा, हे दोघांनी मनोमन ठरवलं होतं. चढले तर सासरे जाणार. आणि न चढले तर मला कापून माझ्या पाइपांची जाळी होणार, असं जावई दर खेपेला वैतागून म्हणायचा. म्हणजे माझा जीव एका बाजूला आणि लेकीचा दुसऱ्या.

आता माझ्या दुखण्याकडे येते.

माझं इंजिन मागे, त्यामुळे ताकदही मागच्या चाकांना. गिअरबॉक्समधून दोन दांडे निघतात, एक डाव्या चाकाकडे आणि एक उजव्या. त्यांना एक्सल म्हणतात. चाकं खड्ड्यात वरखाली होतात, म्हणून एक्सलच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात, माणसाच्या मनगटासारखे. जॉइंटमध्ये ग्रीस भरलेलं असतं आणि वर रबराचा बूट. एक्सल साधारण आडवा असेल तर हे सगळं सुखात फिरतं. तिरका झाला की जॉइंटच्या आतल्या पोलादी गोळ्या खाचांत घासू लागतात. हे मला जन्मापासून माहीत आहे, कारण घासतं ते माझं अंग.

पहिल्यांदा माझ्या चारही शॉकअपवर त्या चेपलेल्या गाडीच्याच मऊ स्प्रिंगा होत्या. पहिल्या फेरीत मी झकास चालले. फक्त एका उंचवट्यावर पोट खरडलं आणि खर्रकन आवाज झाला. जावयाचा चेहरा पडला. नवीन फाटकावर ओरखडा उठला तरी त्याला दिवसभर घास गोड लागत नाही, मी तर त्याची लाडकी. लगेच भंगारवाल्याकडून टेंपोच्या कडक स्प्रिंगा आल्या आणि चारही ठिकाणी बसल्या.

त्या दिवशी खाणीत सासऱ्यांनी मला चालवलं आणि मी त्यांना तापल्या कढईतल्या लाहीसारखं उडवलं. माझा दोष नव्हता. टेंपो ओझं वाहतो, मी एक माणूस आणि थोडे पाइप. स्प्रिंगा दबायलाच तयार नव्हत्या. मी टाचा उंच करून उभी राहिल्यासारखी झाले, एक्सल दोन्हीकडे खाली झुकले आणि वळणावर जॉइंट कट कट करू लागला. सासऱ्यांना कळलं. सीटवर बसल्या बसल्या कळलं. ते उतरले, कंबर धरली आणि म्हणाले,

"जावईबापू, मागच्याच बऱ्या. मागच्याच ठेवा."

"हो बाबा," जावई म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, या वाक्याचा अर्थ काय? सासरे म्हणत होते, मागच्या म्हणजे आधीच्या. त्या पहिल्या, मऊ. जावयानं ऐकलं, मागच्या म्हणजे मागच्या चाकांच्या. त्या बऱ्या आहेत म्हणजे त्या राहू द्यायच्या, आणि पुढच्या कडक आहेत त्या काढायच्या. पुढे जॅक लागला आणि फक्त पुढच्या स्प्रिंगा सुटल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ओरडायला हवं होतं, पण बंद इंजिनाची बग्गी ओरडणार कशी? "मागच्या म्हणजे कोणत्या, बाबा?" एवढं एक वाक्य विचारायला पाना लागत नाही. पण सासऱ्यांना एकदा सांगितलेलं पुन्हा काय विचारायचं, बरं दिसतं का ते? असं आमचे जावईबापू.

परिणाम काय झाला? पुढून मऊ, मागून कडक. नाक खाली, शेपूट वर. मांजर अंगाला आळोखेपिळोखे देतं ना, पुढचे पाय ताणून, तशी मी कायमची उभी राहिले. आणि एक्सलचा तिरकेपणा होता तसाच.

दुसऱ्या दिवशी सासरे शेडमध्ये आले. माझ्याकडे बघितलं. एक फेरी मारली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. तोंड मिटलं.

"छान बसवल्यात," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं," जावई म्हणाला.

सासऱ्यांना वाटलं हा टोमणा आहे.

त्या संध्याकाळी लेक शेडमध्ये कपडे वाळत घालत होती. सासरे तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "माझं ऐकायचं नसेल तर माणसानं विचारू नये. मी सांगितलं एक, त्यानं केलं भलतंच. असो. त्याची शेड, त्याची बग्गी. तू मात्र त्याला काही बोलू नकोस हं, उगाच वाईट वाटेल."

"नाही बोलणार," लेक म्हणाली.

थोड्या वेळानं जावई आला. "बाबांनी सांगितलं म्हणून केलं मी. माझ्या मनाला काही पटत नाहीये. पण तू त्यांना बोलू नकोस. आधीच त्यांना जायची घाई आहे, त्यात मी त्यांचं चुकलं म्हटलं तर उद्याच निघतील."

"नाही बोलणार," लेक म्हणाली.

आणि बाईनं दोन्ही शब्द पाळले. हा या घराचा गुण. सगळे दिलेला शब्द पाळतात आणि माझे जॉइंट फुटतात.

मग सुरू झाला खेळ. चढावर नेलं की कट कट. घरी आणलं की विटांवर. जावई जुना जॉइंट काढायचा, नवा घालायचा, हातानं ग्रीस भरायचा, बूट चढवायचा. सासरे पक्कडीनं बुटाची पट्टी आवळायचे. दोघं अगदी एकजीव होऊन काम करायचे, आणि दोघंही मनातून एकमेकांवर नाराज. काम नीटनेटकं, रोग जागच्या जागी. भंगारवाला तर जावई दिसला की न विचारता जॉइंटच्या ढिगाकडे हात करायचा.

माझी तगमग काय सांगू? मला एकच भाषा येते, आवाजाची. कट कट म्हणजे "एक्सल तिरका आहे". बूट फाटून चाकावर ग्रीस उडणं म्हणजे "अरे, एक्सल तिरका आहे". आणि एकदा तर मोठ्या खड्ड्यात मागचं चाक लोंबलं आणि एक्सल आतल्या जॉइंटमधून साफ निसटून बाहेर आला. याहून स्पष्ट मी काय बोलायचं? जावयानं एक्सल हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "माल हलका निघाला." सासऱ्यांनीही मान डोलावली. त्यांना खरं कारण ठाऊक होतं, तरी मान डोलावली. मला त्या माणसाचा त्या दिवशी जितका राग आला तितका कधी आला नव्हता.

लेक मात्र माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायची. तिचे रुग्ण बोलत नाहीत, त्यामुळे तिला उभं राहण्याची ढब बघायची सवय. एकदा ती माझ्या मागे बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "ही अशी का उभी आहे? मागच्या पायांत काहीतरी आहे हिच्या." मी जिवाचा कान करून ऐकत होते. जावई सासऱ्यांकडे बघायला लागला आणि सासरे जावयाकडे. दोघांनी एकाच वेळी सांगितलं, "नाही नाही, ते तसंच असतं." एकमेकांचा मान राखला दोघांनी.

मग तो दिवस आला. सकाळीच नवा जॉइंट बसला होता. सासरे चालवायला, जावई चढाच्या मध्यावर उभा, लेक खाली पाण्याची बाटली घेऊन. मी निघाले. पहिला टप्पा बरा गेला. मुरूम उडत होता, इंजिन छान ओढत होतं. मधल्या उभ्या टप्प्यावर सगळा भार मागे आला, सासऱ्यांनी पाय दाबला, आणि डाव्या बाजूला आत काहीतरी कडाडलं. इंजिन बोंबलतंय आणि चाकं थंड. क्षणभर मी थांबले. मग मागे घसरायला लागले.

ब्रेक लागले होते. पण मुरमावर चाकं अडली तरी खालचा मुरूम घसरत राहतो, आणि आपण त्याच्याबरोबर. जावई "बाबा, बाबा" करत धावत सुटला आणि हाताला लागेल तो दगड चाकामागे टाकायला गेला. तो माझ्या खालीच आला असता. सासऱ्यांनी पाइपाला बांधलेल्या आरशात बघितलं, स्टिअरिंग एका बाजूला शांतपणे फिरवलं आणि मला शेपटीकडून मातीच्या ढिगात घातलं. इतकी वर्षं बस चालवल्याचा उपयोग झाला. धाडकन आवाज झाला, त्यांचा गुडघा पाइपवर आपटला, आणि मी थांबले.

लेक पळत वर आली. बाटली कुठेतरी पडली होती. तिनं वडिलांचा पट्टा सोडला, गुडघा दाबून बघितला, त्यांना उभं केलं. "चालून दाखवा." ते चालले. "परत या." ते परत आले. मग तिनं नवऱ्याचे हात बघितले, ते फक्त खरचटले होते. आणि मग ती माझ्या पुढच्या चाकावर बसली आणि बोलायला लागली.

"बास झालं. मी दोघांना शब्द दिलाय, आणि आता दोन्ही मोडतेय. बाबा, याला वाटतं तुम्ही स्प्रिंगांचं चुकीचं सांगितलंत. आणि तुला सांगते, बाबांना वाटतं तू त्यांचं ऐकलंच नाहीस. आता मला एकेकानं सांगा, बाबा काय म्हणाले होते?"

"मागच्याच ठेवा म्हणाले," जावई म्हणाला. "मागच्याच ठेवल्या की मी. पुढच्याच काढल्या."

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. "अहो, मागच्या म्हणजे आधीच्या."

"मागच्या म्हणजे... मागच्या चाकांच्या नाही?"

"आधीच्या. त्या मऊ. चारही."

 धक्क्यानं रेडिएटरचं पाणी माझ्या इंजिनावर सांडून वाफ होत होती.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, बाबा?"

"तुम्ही विचारलं का नाही?"

"तुम्ही 'छान बसवल्यात' म्हणालात."

"मग काय म्हणणार? जावयाला."

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. मला खरं म्हणजे हसायला यायला हवं होतं, पण माझा डावा एक्सल मुरमात पडला होता आणि मागचा पाइप वाकला होता. एका शब्दापायी माझी ही दशा. मी हसले नाही.

पण त्यानंतरचे दिवस माझे सगळ्यात सुखाचे, हे मी मान्य करते. चारही चाकांवर जुन्या मऊ स्प्रिंगा परत आल्या. मी नीट, आपल्या पायांवर टेकून उभी राहिले आणि एक्सल आडवे झाले. मग सासरे माझ्याखाली झोपले, आणि पोट खरडलं होतं म्हणून जो सगळा उपद्व्याप झाला, ते पोट नव्हतंच असं निघालं. खाली लोंबणारा सायलेन्सर होता तो. जावयानं तो उचलून बाजूनं घेतला, अर्ध्या दिवसाचं काम. लेकीनं दवाखान्यातून जनावरं बांधायचे दोन जुने जाड पट्टे आणले, आणि मागची चाकं खड्ड्यात जास्त लोंबू नयेत म्हणून ते बांधले. आता दोघं वादही घालत होते, चक्क तोंडावर. "बाबा, तो नट उलटा लावताय." "उलटा नाही, तुम्ही उलटे बसलाय." माझ्या कानांना ते वंगणासारखं वाटायचं.

आणि मग चढाचा दिवस पुन्हा आला. चालवायचं कोणी यावरून दोघांचं सुरू झालं.

"बाबा, तुम्हीच बसा. तुमचा मान आहे."

"छे हो, मेहनत तुमची. तुम्ही बसा."

"नाही नाही, आधी तुम्ही."

लेकीनं दोघांकडे एकदा बघितलं, हेल्मेट उचललं आणि स्वतःच सीटवर बसली. पट्टा बांधला, गिअर टाकला आणि मला घेऊन निघाली. ती घाई करत नव्हती. मुरूम घसरला की पाय थोडा उचलायची, पकड आली की दाबायची. मधला टप्पा आला, मी श्वास रोखला, आणि काही झालं नाही. कट नाही, खर्र नाही. मी वर माळावर पोचले. वारा सुटला होता. खाली दोघं टाळ्या वाजवत होते, जावई तर उड्या मारत होता.

तिनं इंजिन बंद केलं, पण ती उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मग हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि बाहीनं डोळे पुसले. तेव्हा कुठे मला आठवलं की मी चढले म्हणजे काय होणार होतं. इतके दिवस मी माझ्याच दुखण्यात होते. चढायचं, चढायचं, एवढंच. वरती पोचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आज एखादा जॉइंट फुटला असता तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी त्या आठवड्यात बॅग भरली. तुम्हाला वाटत असेल की आता ही माणसं बोलायला शिकली. कसलं काय! स्प्रिंगांवरून भांडायला शिकली, बस्स. निघायच्या आदल्या दिवशी सासरे शेडमध्ये आले, माझ्या पाइपवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "झालं मग आमचं काम." ते थांबले. मुद्दाम थांबले. जावई पाने पुसत होता. तो म्हणाला, "हो बाबा. तुमच्यामुळेच झालं." तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला, पण 'राहा' म्हणाला नाही. सासऱ्यांना वाटलं, आपण नकोच असू. जावयाला वाटलं, त्यांना मुलाकडे जायचंय, आपण अडवणारे कोण. लेकीनं दोनदा म्हणून बघितलं, पण ते जावयाच्या तोंडून यायला हवं होतं. सकाळी रिक्षा आली आणि सासरे गेले.

तेव्हापासून मी उभी आहे. यावेळी विटांवर नाही, चारही चाकांवर, अगदी ठणठणीत. तरी मला कोणी बाहेर काढत नाही. जावई फाटकं बनवतो. स्टुलावर आता कोणी काही ठेवत नाही. एकदा त्यानं मला सुरू केलं, खाणीपर्यंत नेलं, चढाच्या पायथ्याशी थांबला आणि परत आणलं. माझी चीड आता वेगळीच आहे. बिघडले होते तेव्हा माझ्याभोवती तीन माणसं असायची. बरी झाले आणि एकटी पडले.

काल संध्याकाळी लेक शेडमध्ये आली. वडिलांना फोन लावला होता, स्पीकरवर. सासऱ्यांचा आवाज बारीक झालेला. जेवलात का, झोप लागते का, सगळ्याला "हो" आणि "बरं आहे". बोलता बोलता तिनं फोन माझ्या सीटवर ठेवला, नवऱ्याकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, "बाबा, बग्गी बिघडलीय. हा सांगतो बघा काय झालंय."

जावयाच्या हातातला ब्रश खाली पडला. हा माणूस गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं बोलत नाही. त्याचे कान लाल झाले. तिनं डोळे वटारले.

"बाबा," तो म्हणाला, "तिसरा गिअर निसटतोय."

 मग सासऱ्यांचा आवाज आला, आणि तो एकदम जवळून आल्यासारखा मोठा होता. "कधी निसटतो? पाय दाबल्यावर की सोडल्यावर?"

"ते... दोन्ही वेळेला."

"दोन्ही वेळेला कसा निसटेल?"

"तेच कळत नाहीये, बाबा." त्यानं फोन हातात घेतला. "तुमच्याशिवाय कळत नाहीये काही. तुम्ही या. आणि आलात की राहा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"गिअरबॉक्स उघडलास का?"

"नाही."

"उघडू नकोस. मी येईपर्यंत एकाही नटाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतोय. ऐकतोयस ना?"

जावयानं फोन ठेवला. इतक्या वर्षांत सासरे त्याला पहिल्यांदा 'अरेतुरे' करून बोलले होते. तो तसाच उभा राहिला, मग बायकोकडे बघून हसला, आणि मग घाईघाईनं स्टूल पुसायला लागला.

तर आता माझी स्थिती अशी आहे. माझा तिसरा गिअर उत्तम आहे. पहिला, दुसरा, चौथाही उत्तम. आयुष्यभर खऱ्या दुखण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि आता न झालेल्या दुखण्याचा आळ माझ्यावर आलाय. दुसरी कोणी असती तर फणफणली असती. मीही थोडी फणफणलेच. पण ते लवकरच येतील, बाही वर करतील, माझ्या पोटाखाली शिरतील आणि कान लावून ऐकतील. तेव्हा तुम्हाला एकच विनंती. तुम्ही शेडवरून जात असाल आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, तर सांगा की हो, आम्हीही ऐकलंय, तिसरा गिअर निसटतो.